दोन फुटांचा पट

कमलिनीचा पट चुकला तेव्हा सहा मुलींपैकी एकच हसली. हसली म्हणजे तरी काय, नाकातून श्वास सुटावा तसा एक बारीक आवाज आला आणि लगेच विझला. बाकीच्या गवताकडे बघत राहिल्या. स्पोर्ट्स डायरेक्टर फहदनं पांढऱ्या कंदुऱ्याची बाही सावरत कॅमेरावाल्याला खूण केली आणि म्हणाला, "खलास, कोच, नो प्रॉब्लेम. वी विल कट इट." युनिव्हर्सिटीच्या जाहिरातीसाठी त्याला एवढंच हवं होतं: अबू धाबीतली कोवळी सकाळ, टोप्या घातलेल्या मुली आणि मधोमध त्यांची कोच, शांतपणे चेंडू भोकात घालणारी. अंतर दोन फुटांचं. गोल्फमध्ये याहून सोपं काही नसतं. लांबवर चेंडू मारायला ताकद लागते, कसब लागतं. पण भोकाजवळ पोचल्यावर त्याला हलकेच ढकलायचं, तो पट, तो दोन फुटांवरून पोरंसोरंही घालतात. ती आधी नाही म्हणाली होती. पुन्हा नाही म्हणाली होती. आणखी एकदा नाही म्हणायला काहीतरी कारण द्यावं लागलं असतं, आणि खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. मग तिनं त्या सहांतल्या पर्णिकाच्या हातातला पटर, पट मारायची काठी, घेतला, चेंडूवर वाकली, आणि पटर चेंडूला लागणार त्या क्षणी तिच्या उजव्या हातातून काहीतरी सरकन गेलं, झोपेत पाय दचकतो तसं. चेंडू भोकाच्या कडेवरून उडून चार फूट पुढं जाऊन थांबला. हसली ती पर्णिकाच.

तो आवाज दिवसभर तिच्याबरोबर राहिला. गाडीत राहिला, जेवताना राहिला, संध्याकाळी बाल्कनीत वाळत घातलेले टॉवेल काढताना तिनं उजवा हात समोर धरून बघितला तेव्हाही होता. हात शहाण्यासारखा निमूट होता. तो नेहमीच असा असायचा: पोळ्या लाटायचा, स्टिअरिंग धरायचा, सुईत दोरा ओवायचा. फक्त लहानशा पटासमोर उभं केलं की उडायचा. घरात साप आहे हे माहीत असावं, त्या एका खोलीचं दार लावून घ्यावं आणि बाकीच्या खोल्यांत संसार मांडावा, तसं तिनं आयुष्य काढलं होतं. वडील नाशिकजवळच्या छावणीतल्या क्लबचे सेक्रेटरी. क्लब बंद असायचा त्या वारी साहेबलोकांच्या मैदानावर एकटी मुलगी, वडिलांची पँट कापून आखूड केलेली, मोठ्या माणसांच्या जुन्या काठ्या घेऊन. चोविसाव्या वर्षी ती बेंगळुरूला राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत होती आणि शेवटच्या भोकावर तिच्या हातातून पहिल्यांदा ते सरकन गेलं. कोणी काही बोललं नव्हतं. कोणाचा शाप नव्हता, कोणाची नजर नव्हती. हात आपला आपण उडाला. दुसऱ्या दिवशी सरावात उडाला, पुढच्या महिन्यात उडाला. पुण्याच्या डॉक्टरांनी नसा तपासून काही नाही म्हणून सांगितलं आणि वडिलांना बाजूला घेऊन मुलीचं लग्न उरकून टाका म्हणाले. या दुखण्याला खेळाडूंमध्ये एक नाव आहे, पण ते कोणी मोठ्यानं उच्चारत नाही. आणि ज्याला ते झालंय त्याच्या शेजारी कोणी सराव करत नाही. तिची खोलीतली मैत्रीण, दोघी एका ताटात जेवायच्या, तिनं एके दिवशी काही न बोलता आपली बॅग उचलली आणि ग्रीनच्या, भोकाभोवतीच्या कातरलेल्या गवताच्या, दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. कमलिनीला त्या बॅगेचा रंग अजून आठवत होता. मैत्रिणीचा चेहरा आठवत नव्हता.

देवदत्तशी लग्न झालं, तो बंदरावर इंजिनियर, त्याच्यामागून ती अमिरातीत आली. त्याला तिनं एवढंच सांगितलं होतं की कंटाळा आला म्हणून खेळ सोडला. त्यानं विश्वास ठेवला. तो माणसांवर विश्वास ठेवून त्यांचा नाद सोडून देणाऱ्यांतला होता. आधी ती ड्रायव्हिंग रेंजवर, लांब फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर, देशी लोकांच्या मुलांना शिकवायची, मग एका खाजगी युनिव्हर्सिटीनं मुलींचा गोल्फ संघ काढायचं ठरवलं तेव्हा अर्ज करणारी बाई ती एकटीच होती. फुकट टी-शर्ट मिळतो म्हणून आलेल्या पोरींपासून तिनं सुरुवात केली आणि आखातातल्या कॉलेजांमध्ये नाव घेतलं जाईल असा संघ उभा केला. स्वतः कधी पट मारून दाखवला नाही. कोचनं दाखवायचं नसतं, नाहीतर मुली कोचचा हात शिकतात, स्वतःचा विसरतात, असं ती म्हणायची. हे इतकं खरं वाटे की एका मासिकानं तिच्या या पद्धतीवर पानभर छापलं. पळवाटेचं तत्त्वज्ञान झालं आणि तत्त्वज्ञानाचा पगार मिळू लागला. बोलायला ती कडक होती. एका मुलीला सगळ्यांदेखत म्हणाली होती, तुझ्या मम्मीला फोटोच हवे असतील तर स्विमिंग लाव, कपडे कमी लागतात. मुलगी रडत गेली आणि परत आली नाही. आईबापांना मात्र ही शिस्त आवडायची. आपल्या मुलींना इथं फार लाड मिळतात, मॅडम, असं ते स्वतःच सांगायचे, आणि मुली तिच्या हवाली करून एसीत जाऊन बसायचे.

पर्णिका तिच्याकडे आली ती अकरा वर्षांची असताना, रेंजवर; लहान मुलांची ती शिकवणी कमलिनीनं युनिव्हर्सिटीत लागल्यावरही सोडली नव्हती. वडील गोपीनाथ मूळचे सांगलीकडचे, मुसाफ्फामध्ये त्यांचं कॅटरिंग, मोठमोठ्या कंपन्यांच्या कँटीनना जेवण पुरवायचे. घर जवळच, मोहम्मद बिन झायद सिटीत. मुलीला काहीतरी मोठ्या लोकांचं यायला हवं म्हणून त्यांनी गोल्फ निवडला होता. पहिल्याच दिवशी पोरीनं कोणी न शिकवता चेंडूवर वाकून एक पट मारला आणि कमलिनी बाकीच्या मुलांना सोडून तिच्यापाशी जाऊन उभी राहिली. इतका मऊ हात तिनं फक्त एकदाच अनुभवला होता, आतून. जणू कोणीतरी तिचाच हात कापून नेऊन त्या पोरीच्या खांद्याला लावला होता आणि तो तिथं गुणानं नांदत होता. तेव्हापासून युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत तिनं त्या मुलीचं सगळं बदललं, उभं राहणं, खांदे, श्वास. हाताला मात्र कधी बोट लावलं नाही. रात्री अंथरुणावर डोळे मिटले की कधीकधी ती त्या हाताचा पट बघत झोपी जायची. ते प्रेम होतं असं म्हणायला हरकत नव्हती. दुसरं काही म्हणायलाही हरकत नव्हती.

व्हिडिओच्या त्या सकाळनंतर ती वाट बघत राहिली. पोरगी येईल, सॉरी मॅम म्हणेल. पर्णिका आली, पण हसत, नेहमीसारखी. तिला ते आठवतही नव्हतं हे कमलिनीला तिच्या तोंडावरून कळलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. आपलं अख्खं आयुष्य ज्यात बुडालं ते या मुलीच्या लेखी एका श्वासाइतकंही नव्हतं. त्याच आठवड्यात गोपीनाथांचा फोन आला, घरी जेवायला या, एक चांगली बातमी आहे. जेवणाचं टेबल भांड्यांनी भरलेलं, पर्णिकाची आई स्वयंपाकघर आणि टेबल यांच्यात येरझारा घालणारी, आणि पॅसेजमध्ये धाकटी इशिता स्टीलचा पेला आडवा ठेवून त्यात चेंडू घालत बसलेली. बातमी अशी होती की अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या गोल्फ कोच दुबईच्या स्पर्धेला येणार होत्या, खास पर्णिकाला बघायला. शेवटच्या दिवशी नेहमीसारखी खेळली की ऑगस्टमध्ये तिकडे. आपल्या खेळाचे व्हिडिओ पर्णिकानं स्वतःच त्यांना पाठवले होते. कमलिनीनं तिच्याकडे बघितलं तेव्हा ती कोशिंबीर वाढून घेत म्हणाली, "आय वॉज गोइंग टू टेल यू, मॅम." गोपीनाथ मात्र भरून आले होते. त्यांनी पोळीवर स्वतःच्या हातानं तूप घातलं आणि म्हणाले, "मॅडम, पाया तुम्ही घातलात. ते आम्ही विसरणार नाही. आता वरचे मजले तिकडचे मोठे लोक बांधतील, इन्शाल्ला." कमलिनी हसली, अभिनंदन म्हणाली, आणखी अर्धी पोळी घेतली. घास गिळताना तिच्या मनात एक साधा, थंड विचार आला: हा हात आता जाणार. हा दुसऱ्यांदा जाणार.

दुबईच्या मैदानावरून मरीनाचे टॉवर दिसत होते, सकाळच्या धुरकट उजेडात एकमेकांना टेकून उभे असल्यासारखे. पहिले दोन दिवस पर्णिका अशी खेळली की लोक दुसऱ्या खेळाडूंना सोडून तिच्यामागून चालू लागले. अमेरिकन कोच उंच, उन्हानं चेहरा लाल झालेली बाई, मोठी टोपी घालून प्रेक्षकांच्या दोरीपलीकडे उभी असायची. तिनं कमलिनीचा हात हातात घेऊन मनापासून दाबला आणि शी हॅज युअर हँड्स, आय सपोज, असं म्हणाली. बोलायचं म्हणून बोलली असेल. शेवटच्या दिवशी सकाळी, खेळ सुरू व्हायच्या थोडं आधी, पर्णिका सरावाच्या ग्रीनवर एकामागून एक पट घालत होती आणि कमलिनी शेजारी उभी होती. चेंडू भोकात पडताना आवाजही येत नव्हता. तिनं काही ठरवलं नव्हतं. नंतर तिनं स्वतःला पुष्कळदा विचारून बघितलं आणि प्रत्येक वेळी हेच उत्तर आलं की काही ठरवलं नव्हतं. पण शब्द तर तयार होते, जिभेवर ओळीनं उभे होते, जणू अनेक वर्षांपासून पाळी यायची वाट बघत होते. खेळाबद्दल ती मुलींशी नेहमी इंग्रजीत बोलायची. त्या दिवशी मराठीत बोलली.

"पर्णिका, पट मारताना उजव्या हातात काही जाणवतं का गं तुला?"

"काही नाही. का?"

"नाही, सहजच. गेले काही दिवस मला थोडा हलल्यासारखा दिसतोय. अगदी थोडा. जाऊ दे, विसर. छान चाललंय तुझं."

पर्णिकानं वर बघितलं, मग खाली, स्वतःच्या हाताकडे. एवढंच. पुढचा पट तिनं घातलासुद्धा. पण चेंडू पडताना या वेळी भोकाच्या कडेला लागल्याचा बारीकसा टक आवाज आला, आणि तो फक्त दोघींनी ऐकला.

सुरुवातीची भोकं बरी गेली. त्यानंतर एकदा पर्णिका चेंडूवर वाकली, परत सरळ झाली, बोटं उघडून मिटली, परत वाकली. पूर्वी ती असं कधी करत नसे. पट भोकाच्या डावीकडून गेला. कमलिनी दोरीच्या अलीकडून चालत होती, सावली पायाखाली लहान होत चालली होती, आणि आपल्याला नक्की काय हवंय हे तिला कळत नव्हतं. मध्येच तिनं मनातल्या मनात घाल, घाल गं, असंही म्हटलं. मग मैदानाच्या दुसऱ्या अर्ध्यात, तळ्याकाठच्या ग्रीनवर, दोन-अडीच फुटांवर चेंडू असताना तिनं ते बघितलं. पर्णिकाचा उजवा हात मनगटापासून सरकन उडाला. लोकांना ती घाई वाटली असेल. कमलिनीला तो झटका स्वतःच्या कोपरात जाणवला, आणि जे तिला वाटलं त्याला ती तयार नव्हती. तो आनंद नव्हता, दुःखही नव्हतं. परदेशात रस्त्यानं चालताना अचानक मागून कोणी आपल्या गावची बोली बोलावी आणि माणूस थबकावा, तसं काहीतरी होतं ते. इतकी वर्षं ती त्या खोलीत एकटी होती. आता तिथं कोणीतरी आलं होतं.

अमेरिकन कोच शेवटपर्यंत थांबली नाही. जाताना ती कमलिनीपाशी आली आणि हळहळून म्हणाली की या वयात असं होतं, मुलीला जपा. ऑगस्ट आला आणि गेला. पर्णिका इथंच राहिली.

आणि कमलिनीनं तिला खरोखरच जपलं. उन्हाळ्यात बाहेर उभं राहवत नाही तेव्हा इनडोअर हॉलमध्ये रोज तिच्याबरोबर थांबली. डोळे मिटून पट मारायला लावला, डाव्या हातानं लावला, लांब दांड्याचा पटर मागवला, पकड बदलली, श्वास मोजायला लावला. जे जे तिनं स्वतः चोविसाव्या वर्षी करून बघितलं होतं ते ते सगळं त्याच क्रमानं केलं, आणि कुठल्या पायरीवर काय होणार हे तिला आधीपासून माहीत असायचं. थोडे दिवस बरं वाटायचं. मग हात नवी पकडही शिकायचा आणि उडायचा. संघातल्या इतर मुली पर्णिकाशी गोड बोलायच्या आणि सराव दुसऱ्या टोकाला करायच्या. फहद मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगायचा की हरलेल्या खेळाडूमागे कसं उभं राहावं ते कोच कमलिनीकडून शिका, आणि त्यानं तिचा करार पाच वर्षांनी वाढवून दिला. पर्णिकाच्या आईनं मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. कोणाची तरी दृष्ट लागली हो मॅडम, गोपीनाथ म्हणायचे, नाहीतर असा धडधाकट हात. त्यांचा ड्रायव्हर दर आठवड्याला डबे घेऊन यायचा: भरली वांगी, खरवस, शेंगदाण्याची चटणी. पहिले डबे तिनं वॉचमनला देऊन टाकले. मग खाऊ लागली. चव चांगली होती.

एकदा सुट्टीच्या दिवशी ती खोर फक्कानला गेली. देवदत्तची नोकरी तिथल्या बंदरावर, आठवडाभर तो तिथंच राहायचा. जेवून दोघं किनाऱ्यावर बसली. समोर क्रेन कंटेनर उचलत होत्या, मागे तपकिरी, उघडेबोडके डोंगर. तिनं समुद्राकडे बघत म्हटलं, "मी एका मुलीचा हात बिघडवला." देवदत्त म्हणाला, "प्रॅक्टिस जास्त झाली असेल. तुमच्याकडे फिजिओ आहे ना?" ती म्हणाली, आहे. मग त्यानं नव्या क्रेनबद्दल सांगायला सुरुवात केली, किती टन, कुठून आली, आणि ती ऐकत राहिली. परतीच्या वाटेवर बोगद्यातून गाडी चालवताना तिला वाटलं, आता सांगून टाकायचं म्हटलं तरी सांगायला शब्दच नाहीत. एक प्रश्न विचारला होता. काळजीनं विचारावा तसा. कुठल्याही न्यायालयात त्याला गुन्हा ठरवता आला नसता.

हिवाळा आला, स्पर्धा सुरू झाल्या. पर्णिका संघात नव्हती, राखीवही नव्हती, पण सराव एकही दिवस चुकवत नव्हती. एका संध्याकाळी बाकीच्या मुली बसमध्ये जाऊन बसल्या आणि ती ग्रीनवर एकटीच राहिली. ऊन तिरपं झालं होतं, पाण्याचे फवारे पलीकडच्या अंगाला सुरू झाले होते. ती चेंडू ठेवायची, वाकायची, हात उडायचा, चेंडू भलतीकडे जायचा. ती जाऊन तो उचलून आणायची, परत ठेवायची. चेहऱ्यावर काही नसायचं. कमलिनीला ते बघवेना. ती जवळ गेली आणि समजुतीच्या सुरात बोलू लागली, की प्रत्येक गोष्टीला एक वेळ असते, तुला अभ्यासात गती आहे, वडिलांचा धंदा आहे, खेळ म्हणजे काही सगळं आयुष्य नव्हे, तर आता हे सोडावंस. संघातून नाव काढण्याचं ती स्वतः फहदशी बोलेल, कोणाला काही वाटणार नाही.

पर्णिका पटरच्या दांड्यावर हात ठेवून ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी माझ्या हाताकडे बघत नव्हतात, मॅम."

"कुठल्या दिवशी?"

"दुबईला. हात हलतोय म्हणालात. हात हलतोय असं सांगणारा माणूस हाताकडे बघतो. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात. आय न्यू इट देन ओन्ली." ती सहज बोलत होती, कॅलेंडर बघून तारीख सांगावी तशी. "पहिला फटका मारायला जातानाच मला कळलं होतं की तुम्ही खोटं बोललात. मला वाटलं, माहीत आहे म्हटल्यावर काही होणार नाही. पण त्यानं काही फरक पडला नाही."

फवाऱ्याचं पाणी वाऱ्यानं त्यांच्यापर्यंत येत होतं, बारीक, कोमट. शेवटी तिनं एवढंच विचारलं की मग तू येतेस कशाला.

"तुम्हाला दिसावं म्हणून." पर्णिकानं चेंडू पायानं सारून जागेवर आणला. "अजून दोन वर्षं आहेत माझी. आय विल कम एव्हरी डे. बाबांना मी काही सांगणार नाही. ते तुमच्या पाया पडायचेच बाकी आहेत. पडू देत. डबे येतील, ते खा. नवरात्रात आई ओटी भरायला बोलावेल, ती पण भरून घ्या." तिचा आवाज चढला नव्हता. उलट त्यात एक प्रकारची विश्रांती होती, ओझं योग्य जागी नेऊन ठेवल्याची. कमलिनीला वाटलं, ही पोर किती मोठी झाली. आणि वाटलं, हे आपणच शिकवलंय, स्थिर उभं राहणं, खांदे सैल, श्वास खालपर्यंत. तिला खाली बसावंसं वाटलं, पण बसमधून मुली बघत होत्या.

फोन वाजला. स्क्रीनवर गोपीनाथांचं नाव होतं. पर्णिकानं ते वाचलं आणि घ्या ना, असं म्हणून मान हलवली, जराशी हसलीही. कमलिनीनं फोन घेतला. गोपीनाथांना मोठ्यानं बोलायची सवय, कँटीनमधली. त्यांचा शब्दन्‌शब्द दोघींना ऐकू येत होता. मॅडम, बिझी नाही ना. मॅडम, थोरलीचं तर तुम्ही बघताच आहात, तुमच्याएवढं आम्हीही केलं नसतं तिच्यासाठी. पण आता मी आणि हिनं असं ठरवलंय की इशिताला पण तुमच्याच हाताखाली घालायची. दहा वर्षांची झाली. दिवसभर त्या पेल्यात चेंडू घालत असते, आणि काय हात आहे म्हणून सांगू मॅडम, ताईपेक्षा मऊ. दुसऱ्या कोणाकडे नाही पाठवायची. तुम्ही हो म्हणा फक्त.

पर्णिकाच्या तोंडावरचं हसू गेलं. तिनं पटर टाकला आणि एक पाऊल पुढं आली. नको, असं तिनं ओठांनीच म्हटलं, आवाज न काढता; मग दोन्ही हात पुढं केले, फोन मागावा तसे. बोलायचं तर वडिलांना सगळं सांगावं लागलं असतं, आत्ता, या फोनवर, इतके महिने त्यांना जेवणाचे डबे पाठवू दिल्यानंतर. हे सगळे विचार तिच्या डोळ्यांत एकामागून एक येताना कमलिनीला स्पष्ट दिसले. तिनं पर्णिकाच्या हातांकडे बघितलं नाही.

"हॅलो? मॅडम? आवाज येतोय ना?"

"येतोय ना," कमलिनी पर्णिकाच्या तोंडाकडे बघत म्हणाली. "पाठवा तिला. उद्यापासूनच पाठवा."